विचारा बाईंना : भेगा, डाग आणि काचेवरचं झाड

मागच्या अंकात मी काळ्या मातीच्या भेगांमधून चित्रं कशी करते ते थोडक्यात लिहिलं होतं. थर पसरायचा, वाळू द्यायचा आणि भेगांनी काढलेली रेघ पक्की करून भिंतीवर लावायची, एवढंच. त्यावर पत्रांचा ढीग आला. काही पत्रं चित्रकलेची होती, काही शेतीची, तर एक सरळ भांडणाचं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. ज्या पत्रांतून बाकीच्यांनाही काही मिळेल ती निवडली आहेत.

बाई, मी तुमचं वाचून ताटात काळी माती वाळवली. भेगा पडल्या, पण तुकडे कडेने वर वळले आणि हात लावताच सुटून आले. शिवाय भेगा चौकोनी पडतात. पुस्तकात दाखवतात तशा षटकोनी का पडत नाहीत? आमची माती तर भारी आहे.
— कला शाखेची विद्यार्थिनी, चोपडा

माती भारी आहे म्हणूनच तर. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की तितकीच आक्रसते. एप्रिलमध्ये बिनओलिताच्या शेतात हात आत जाईल एवढ्या भेगा तू पाहिल्याच असतील. ताटातही तेच होतं, फक्त लहान मापात.

आधी माती तयार करायची पद्धत सांगते. शेतातलं ढेकूळ तसंच कुटू नकोस. बादलीत रात्रभर भिजत घाल, सकाळी आपोआप विरघळलेलं असतं. मग पातळ कापडातून गाळून घे, कारण आपल्या मातीत चुनखडीचे बारके खडे असतात. एक खडा राहिला तरी नेमकी तिथूनच भेग सुरू होते. (कधी कधी मला भेग तिथूनच हवी असते. मग मी खडा मुद्दाम ठेवते. पण ते पुढचं.) गाळलेली माती श्रीखंडाइतकी घट्ट होईपर्यंत ठेव आणि मगच पसर.

आता वळण्याबद्दल. तू ताट उन्हात ठेवलंस ना? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. वरचा पापुद्रा तासाभरात वाळून आक्रसतो, खालचा थर अजून ओलाच असतो. वरचं ओढतं, खालचं ओढत नाही, म्हणून कड वर उचलली जाते. त्यावर उपाय सावलीचा. ताट खोलीत ठेव, वर वर्तमानपत्र झाक, वाळायला चार-पाच दिवस लागू देत. दुसरं कारण ताटच. स्टीलचं गुळगुळीत ताट मातीला धरून ठेवत नाही. प्लायवूडवर खरकागद घासून घे किंवा जाडं गोणपाट चिकटव आणि त्यावर थर दे. खाली पकड मिळाली की तुकडे लहान पडतात आणि जागच्या जागी बसतात. तुकड्याचं माप थराच्या जाडीवर ठरतं. बाकी सगळं तेच ठेवून थर दुप्पट जाड केलास तर तुकडेही साधारण दुप्पट मोठे येतील. मी एकाच फळीवर डावीकडे बोटभर आणि उजवीकडे नखभर जाडीचा उतरता थर देते. डावीकडे मोठमोठी शेतं दिसतात आणि उजवीकडे जाता जाता त्यांचे तुकडे पडत जातात. वाटण्या झालेलं गाव विमानातून पाहावं तसं. ब्रश नाही, पेन्सिल नाही, फक्त जाडी.

षटकोनाचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पहिली भेग लांब आणि मोकळी धावते. ती पडली की तिच्या आडव्या दिशेचा ताण सुटतो, तिच्या लांबीच्या दिशेचा मात्र शिल्लक राहतो. त्यामुळे नंतर येणारी भेग तिला काटकोनात येऊन भिडते. म्हणून चौकोन. पहिल्यांदा वाळलेल्या मातीत हेच होणार, तुझं काहीही चुकलेलं नाही. षटकोन हवे असतील तर तीच माती पुन्हा भिजव आणि पुन्हा वाळव. वरून फवारा मार, तुकडे फुगून भेगा मिटतील, परत वाळल्यावर जवळपास त्याच जागी उघडतील. पण सांधे दर खेपेला थोडे सरकतात. काटकोनाचे हळूहळू १२० अंश होतात, टी-आकाराचा सांधा वाय-आकाराचा होतो. लुकास गोहरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली बेंटोनाइटच्या थरावर हे करून दाखवलं. बेंटोनाइट म्हणजे आपल्या काळ्या मातीच्या नात्यातलीच चिकणमाती. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला बेसॉल्टचे उभे खांब आहेत, त्यांचंही गणित जवळचं आहे. तिथे माती वाळत नव्हती, लाव्हा थंड होत होता. भेगा आत आत सरकताना सांधे बदलत गेले आणि बहुकोनी खांब झाले.

एक गंमत आणखी. जपानमध्ये नाकाहारा आणि मात्सुओ या दोघांनी २००५ साली दाखवलं की लगद्याला हालचाल लक्षात राहते. कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीचा घट्ट लगदा ताटात घालून वाळवण्याआधी ताट थोडा वेळ एकाच दिशेने मागेपुढे हलवलं, तर वाळताना भेगा त्या दिशेला आडव्या, ओळीने पडतात. ताट तर केव्हाच स्थिर झालेलं असतं! रंगाच्या दुकानात व्हायटिंग पावडर मिळते, ती कॅल्शियम कार्बोनेटचीच असते. ती आण. फळ्यावरचा खडू घेऊ नकोस, तो बहुतेक जिप्समचा असतो. लगदा फार पातळ झाला तर तो काही लक्षात ठेवत नाही. फार घट्ट झाला तर हलतच नाही. मधलं प्रमाण तुझं तुलाच शोधावं लागेल, आणि खरं काम तेच आहे.

पक्कं करताना पाणी घातलेला फेविकॉल वरून ओतू नकोस. माती ते पाणी पिऊन फुगेल आणि सगळ्या भेगा बुजतील. सुतार वापरतात ते स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश पातळ करून थेंबाथेंबाने मुरव. खिडक्या उघड्या ठेव. स्वयंपाकघरात, गॅसजवळ हे काम करायचं नाही.

मॅडम, माती वाळते ती उन्हाने, भेगा पडतात त्या निसर्गनियमाने, आणि खाली सही तुमची. हा कुठला न्याय? मी आयुष्यभर हिशेब तपासले. ज्याने काम केलं नाही त्याच्या नावावर जमा दाखवता येत नाही.
— निवृत्त लेखापाल, धुळे

तुमचं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं. ती तुमच्याच पक्षात आहे. माझ्या ओट्यावर फळ्या मांडलेल्या दिसल्या की ती रोज विचारते, “बाई, गारा वायाले टाकेल शे का?” (म्हणजे, चिखल वाळत घातला आहे का?) आणि हसत निघून जाते.

पण हिशेबच करायचा तर दोन्ही बाजूंचा करू. मातीत पाणी किती, थर किती जाड, खाली गोणपाट की काच, ऊन की सावली, कुठे खडा ठेवायचा, कितव्या वाळवणीला थांबायचं, हे मी ठरवते. भेग नेमकी कुठून जाईल हे मी ठरवत नाही. ठरवताही येत नाही, आणि आलं असतं तर मी हे काम केलंच नसतं. सरळ पेनाने रेघा मारल्या असत्या. सगळं झाल्यावर कुठली फळी भिंतीवर जाईल आणि कुठली परत बादलीत, हेही मीच ठरवते. बादलीत जाणाऱ्याच जास्त असतात.

चाळीसगावच्या केकी मूस यांचं उदाहरण घ्या. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून ते अशी छायाचित्रं काढत की पाहणाऱ्याला वाटावं, हे कुठलं तरी निसर्गदृश्य आहे. फिल्मवर चित्र उमटवलं ते उजेडाने आणि रसायनाने. म्हणून त्यांचं नाव पुसायचं का? उलट जर्मनीत रुंगे नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, कॉफीतलं कॅफिन १८१९ साली ज्यांनी वेगळं काढलं ते. टीपकागदावर रसायनांचे थेंब एकावर एक सोडून ते रंगांची वलयं मिळवत. १८५५ साली त्यांनी त्याचं पुस्तक काढलं, तर छापलेली चित्रं न घालता प्रतींमध्ये खरे कागदच चिकटवले, आणि ही चित्रं आपली आपण वाढलेली आहेत असं म्हणून टाकलं. मला रुंगे आवडतात, पण हा विनय मला पटत नाही. कुठला थेंब आधी आणि कुठला नंतर, हे कागदाने ठरवलेलं नव्हतं.

अर्धी गोष्ट मात्र तुमची खरी आहे. हल्ली कॅनव्हासवर चार रंग ओतायचे, तिरका करायचा आणि जे होईल ते चौकटीत घालून विकायचं, असं बरंच चाललं आहे. ती चित्रं चमकतात आणि सगळी एकमेकींची बहीण वाटतात. नको ते बाजूला काढायचं धाडस कोणी केलेलं नसतं. तिथे तुम्ही खुशाल लाल शेरा मारा.

राहता राहिली सही. माझ्या फळीच्या पाठीवर माध्यम म्हणून लिहिलेलं असतं : काळी माती, बोरी नदीचं पाणी, मे महिन्याची सावली. जमा ज्याच्या त्याच्या नावावर आहे.

ताई, आमच्याकडे केळीच्या चिकाचे डाग पडून मजुरांचे कपडे काळे होतात. ते डाग मला चित्रासारखे दिसतात. त्याचं काही करता येईल का? घरचे हसतात.
— केळी उत्पादकाची सून, सावदा

हसू द्या. तुमच्या बाजूलाच फैजपूर आहे. १९३६ साली खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन तिथे झालं, तेव्हा सजावटीला खुद्द नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले होते. गांधीजींचा आग्रह होता की जे गावात मिळतं त्यातूनच सजवा. तुमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या चिकाइतकं फुकट आणि भरपूर दुसरं काय मिळतं?

घड उतरवताना दांड्यातून जो चीक गळतो तो आधी जवळजवळ पाण्यासारखा असतो. त्यात टॅनिन असतं. हवा लागली की तपकिरी होतो आणि मग धुऊन जात नाही, हे तुमच्या मजुरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मांजरपाट आणा, खळ जाईपर्यंत दोनदा उकळत्या पाण्यातून काढा, वाळवा आणि घड उतरवायच्या जागी दांड्याखाली सपाट ताणून ठेवा. काही करू नका, थेंब पडू द्या. प्रत्येक थेंब उभ्या-आडव्या धाग्याने पसरतो आणि वाळताना त्याची कड गडद होते. चहाच्या कपाखाली उमटतं ना, तसं वर्तुळ. थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडतं, ती जागा भरायला मधलं पाणी बाहेर धावतं आणि सोबतचा गाळ कडेला नेऊन टाकतं. शिकागो विद्यापीठातल्या मंडळींनी १९९७ साली हे नीट समजावून सांगितलं, त्याआधी सगळे नुसते कप पुसत होते. कड नको असेल तर कापड आधीच ओलं करा. डाग मऊ होऊन पसरेल. अर्धं ओलं, अर्धं कोरडं ठेवलं तर एकाच घडाच्या चिकातून दोन जातींचे डाग मिळतात.

काळा रंग हवा असेल तर गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, ते पाणी गाळून कापडाला हलकं लावा, मग चीक पडू द्या. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळंभोर होतं. जुन्या शाईचं तत्त्व हेच. पण जपून, लोखंड जास्त झालं तर काही वर्षांनी कापड त्या जागी विरतं. कापडाच्या कोपऱ्यात तारीख आणि शेताचा गट लिहून ठेवा. कुठल्या महिन्याचा चीक कसा वाळतो हे वर्षभराने कापडंच सांगतील, आणि तेव्हा घरचेही वाकून बघतील.

बाई, आमच्या भागात विहीर खोदताना दगडाच्या पोटात पांढरे-हिरवे स्फटिक निघतात. विद्यार्थ्यांना घेऊन तसे स्फटिक कागदावर वाढवून चित्र करता येईल का?
— शिक्षक, जळगाव तालुका

तसे नाही, सर. जगभरच्या संग्रहालयांत ‘जळगाव’ अशी चिठ्ठी लावून जे दगड ठेवलेले असतात ते हेच : स्टिल्बाइट, ह्यूलॅन्डाइट, हिरवा अपोफिलाइट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांतून पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक जमले. तेवढा वेळ शाळेच्या तासिकेत मिळत नाही.

शाळेत मॅग्नेशियम सल्फेट वापरा. कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतं. कोमट पाण्यात विरघळेल तितकं विरघळवा, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि खिडकीच्या काचेवर किंवा काळ्या कागदावर रुंद ब्रशने पातळ फासा. पाणी उडता उडता सुयांचे झुबके पसरत जातात. काचेवर मुलं ते डोळ्यांदेखत वाढताना बघू शकतात. भर दुपारी केलं तर स्फटिक बारीक आणि गिचमिड येतात, थंडीतल्या सकाळी लांब येतात. मुलांना दोन्ही करून बघू द्या आणि फरक त्यांनाच सांगू द्या. ब्रश कुठे फिरवायचा आणि कुठे काच कोरडी सोडायची, एवढंच चित्रकाराच्या हातात. कोरड्या जागेच्या कडेला येऊन सुया थांबतात. तिथे घरं, डोंगर, काय वाटेल ते आकार मिळतात.

मोरचूदाचे निळे स्फटिक सुंदर दिसतात आणि बोर्डो मिश्रणासाठी गावागावात मोरचूद असतोच. तो वर्गात आणू नका, विषारी आहे. तुरटी चालेल.

सुट्टीत दोन मुलांना गुंतवायचं आहे. पसारा कमी, खर्च कमी, असं काही सांगा.
— एक आई, भुसावळ

सीडीची जुनी पारदर्शक डबी घ्या. दोन झाकणांच्या मध्ये घट्ट पोस्टर कलरचा वाटाण्याएवढा गोळा, दाबा, आणि एका कडेने हळूच उघडा. दोन्हीकडे फांद्या फुटलेलं झाड तयार. दाट रंगात पातळ हवा घुसते, आणि ज्या फांदीचं टोक जरा पुढे गेलं तिला पुढे जाणं आणखी सोपं होतं, म्हणून फाटे फुटत जातात. सॅफमन आणि टेलर यांनी १९५८ साली याचं गणित मांडलं. पोरांना ते नको, त्यांना उघडण्याचा वेग बदलायला सांगा. भराभर उघडलं की फांद्या बारीक आणि पुष्कळ होतात. कोरा कागद दाबून ठसा घ्या आणि डबी धुऊन परत सुरू. पसारा होणारच, तेवढं मात्र मान्य करा.

बाई, मी फर्निचरचं काम करतो. मोबाइलवर पाहिलं की मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची झाडं जाळून उमटवतात. भंगारातून ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला आहे. जोडणी कशी करायची?
— तरुण कारागीर, नंदुरबार

सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला विचारूही नकोस. त्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि माणूस मारायला पुरेल त्याच्या कितीतरी पट करंट. धोका झाला की वीज आपोआप तोडणारा घरातला एमसीबी किंवा ईएलसीबी अशा वेळी वाचवत नाही. हे करताना अनुभवी कारागीरही जागच्या जागी गेले आहेत. अमेरिकेतल्या लाकूड-कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने तर आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर बंदीच घातली आहे. व्हिडिओत जे हसत दाखवतात ते जिवंत राहिलेले असतात, एवढंच.

तुला विजेचं झाड आवडलं आहे, ते मला कळतं. गॉटिंगेनच्या लिश्टेनबर्गना १७७७ साली ते पहिल्यांदा दिसलं, तेही काही न जाळता. विद्युतभारित राळेच्या तबकावर धूळ बसली आणि तिच्या चांदण्या झाल्या. भारित पृष्ठभागावर भुकटी चिकटवायची ही युक्ती पुढे झेरॉक्समध्ये आली. म्हणजे तुझ्या गावातला झेरॉक्सवालाही दिवसभर तेच करतो आहे.

तुला फांद्याच हव्यात ना? वर भुसावळच्या ताईंना सांगितलं ते लाकडावर कर. घट्ट तेलरंग किंवा प्रिंटिंगची शाई फळीवर ठेव, वर जाड अॅक्रिलिक शीट दाब आणि एका कडेने उचल. फांद्या रंगाच्या येतील, जळक्या नाहीत, पण पाहिजे तेवढ्या वेळा पुसून पुन्हा करता येतील. दुसरा रस्ता कुंभाराकडचा. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटापासून मोका नावाची भांडी अशी रंगवत आले आहेत. पांढऱ्या मातीचा पातळ ओला थर दिला की तो वाळायच्या आत आंबट पाण्यात कालवलेल्या रंगीत भुकटीचा थेंब त्याच्या कडेला टेकवायचा. थेंब क्षणात शेवाळासारखा फुटत जातो. गेरू बारीक वाटून व्हिनेगरमध्ये कालव आणि गावातल्या कुंभारदादांच्या ओल्या भांड्यावर करून बघ. त्यांचा हात थराला सरावलेला असतो, आणि थर जमला तर निम्मं काम झालं. तशी भाजलेली फरशी तू टेबलाच्या मध्यात बसवलीस तर गिऱ्हाईक जळक्या फळीपेक्षा जास्त पैसे देईल असं मला वाटतं.

ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला परत दे. आणि तेलरंगाचा प्रयोग करण्याआधी फळीला लाख-पॉलिशचे दोन हात मारून घे, नाहीतर लाकूड रंग पिऊन टाकेल आणि फांद्या फुटायच्या आतच पुसट होतील.